सॉरलाची अँटिबॉडी मागवण्याआधी

अल्झायमरवर काम करणाऱ्या गटात नवा पीएचडीचा विद्यार्थी दाखल झाला की गाईडचे पहिले फर्मान बहुधा असेच असते: ‘आधी सॉरलाचा एक ब्लॉट लावून बघ.’ विद्यार्थी कॅटलॉग उघडतो. एकाच प्रथिनासाठी सशाच्या, उंदराच्या, शेळीच्या अशा कितीतरी अँटिबॉडी समोर येतात आणि बहुतेकींच्या डेटाशीटवर ठसठशीत, देखणा बँड असतो. मग तो दोन गोष्टी पाहतो. किंमत ग्रँटला झेपते का, आणि कुणी ती आधी पेपरात वापरली आहे का.

पहिली कसोटी समजण्यासारखी आहे. दुसरी मात्र वाटते तेवढी भरवशाची नाही. कॅनडात माँट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमधून चालणाऱ्या ‘वायकॅरॉस’ या उपक्रमाने मेंदूविज्ञानाशी निगडित ६५ प्रथिनांच्या ६१४ बाजारी अँटिबॉडी एकाच पद्धतीने तपासल्या आणि २०२३ मध्ये निष्कर्ष छापले. दर प्रथिनामागे सरासरी बाराएक पेपर असे निघाले, की ज्यांत वापरलेली अँटिबॉडी त्या प्रथिनाला ओळखतच नव्हती. म्हणजे ‘पेपरात आहे’ याचा अर्थ ‘कुणीतरी विकत घेतली आणि काहीतरी दिसले’ एवढाच निघतो. त्या अभ्यासानंतर कंपन्यांनी नापास अँटिबॉडींपैकी सुमारे २० टक्के बाजारातून काढून टाकल्या आणि सुमारे ४० टक्क्यांच्या वापराच्या शिफारशी बदलल्या, ही त्यातली जमेची बाजू.

सॉरला हे या गोंधळाचे चांगले उदाहरण आहे, कारण ते शोधायला खरोखरच अवघड प्रथिन आहे. १९९६ मध्ये डेन्मार्कमधल्या ऑर्हूसच्या गटाने आणि स्वतंत्रपणे जपानी संशोधकांनी त्याचा शोध लावला. डॅनिश गटाने त्याला सॉरला म्हटले, जपान्यांनी एलआर-११. जनुकाचे नाव सॉर्ल-१. कॅटलॉगमध्ये शोधताना तिन्ही नावे टाकून पाहावीत, नाहीतर निम्मा माल नजरेआड राहतो. पेशीत या प्रथिनाचे काम रेल्वे मेल सर्व्हिसच्या डब्यातल्या सॉर्टरसारखे असते: आलेला माल पाहायचा आणि कुठल्या थैलीत टाकायचा ते ठरवायचे. अमायलॉइडचे मूळ प्रथिन, म्हणजे एपीपी, सॉरला धरते आणि रेट्रोमर नावाच्या यंत्रणेच्या मदतीने एंडोसोममधून मागे गॉल्जीकडे पाठवते. एंडोसोममध्ये एपीपी जितके कमी रेंगाळेल तितके त्याचे तुकडे होऊन बीटा-अमायलॉइड कमी बनते. हे नाते २००५ मध्ये ऑर्हूस आणि बर्लिनच्या संशोधकांनी मांडले. २००७ मध्ये सॉर्ल-१ मधले फरक आणि अल्झायमर यांचा आनुवंशिक संबंधही दाखवला गेला.

त्याच्याही आधी, २००४ मध्ये, अटलांटाच्या एमरी विद्यापीठातील गटाने रुग्णांच्या रक्तातल्या पेशींवरून तयार केलेल्या पेशीरेषांमध्ये सॉरलाची पातळी घटलेली पाहिली, मग मेंदूचे छेद तपासले. चेतापेशींमध्ये सॉरला कमी झालेले दिसले, ग्लिया पेशींमध्ये मात्र टिकून होते. अशा निष्कर्षाचा सगळा भार अँटिबॉडीवर असतो. ती दुसऱ्याच कशाला तरी चिकटत असेल तर ‘चेतापेशींत घट’ हे वाक्यच कोसळते. इथे त्याच छेदातल्या ग्लिया पेशी शाबूत दिसणे हा एक अंगभूत ताळा होता, आणि नव्या विद्यार्थ्याने आपल्या प्रयोगातही असा ताळा कुठे मिळतो ते हुडकावे.

आता खरेदीकडे. मागणीपत्र भरण्याआधी एक प्रश्न कागदावर लिहून काढावा: आपल्याला सॉरलाचे नेमके कोणते रूप मोजायचे आहे?

हा प्रश्न टाळला तर पुढचे सगळे गणित चुकते. मानवी सॉरला २२१४ अमिनो आम्लांचे, सुमारे २५० किलोडाल्टनचे भारदस्त प्रथिन आहे. त्याचा जवळजवळ सगळा देह पडद्याच्या बाहेरच्या बाजूला असतो आणि पेशीद्रवात जेमतेम पन्नासएक अमिनो आम्लांचे शेपूट लोंबते. एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये ते अर्धवट साखर चढलेल्या, कच्च्या स्वरूपात असते. गॉल्जीतून गेले की साखरेची सजावट पूर्ण होते आणि ते जेलवर किंचित वर सरकते. पुढे टेस नावाचे विकर पडद्यालगत घाव घालून बाहेरचा सगळा भाग तोडते. हा मोकळा झालेला भाग पेशींच्या माध्यमात, रक्तात आणि मेंदूभोवतालच्या द्रवात सापडतो. मागे पडद्यात एक खुंट उरतो, त्यालाही गॅमा-सिक्रेटेज कापते.

एका जनुकाची ही इतकी रूपे, आणि कुठलीच अँटिबॉडी त्या सगळ्यांना नीट दाखवत नाही. बाहेरच्या भागावर बनवलेली अँटिबॉडी पूर्ण प्रथिनही दाखवील आणि सुटा झालेला भागही. शेपटावर बनवलेली अँटिबॉडी पूर्ण प्रथिन आणि खुंट दाखवील, सुटा भाग तिला दिसणारच नाही. मेंदूद्रवातले सॉरला मोजायचे असेल आणि विद्यार्थ्याने शेपटाची अँटिबॉडी मागवली असेल, तर ती कितीही नामांकित असो, निकाल शून्यच येणार. उलट, पेशीतले पूर्ण लांबीचे सॉरला मोजायचे असेल तर बाहेरच्या भागाची अँटिबॉडी गफलत करू शकते, कारण सुटा भाग आणि पूर्ण प्रथिन यांच्या वजनात इतका थोडा फरक असतो की साध्या जेलवर दोन्ही एकाच बँडमध्ये मिसळून जातात. शक्य असेल तर दोन्ही टोकांची एकेक अँटिबॉडी घ्यावी. खर्च वाढतो, पण दोघींचे उत्तर जुळले तर त्या निकालाला वजन येते, आणि नाही जुळले तर काहीतरी शिकायला मिळते.

डेटाशीटमध्ये म्हणूनच सगळ्यात आधी ‘इम्युनोजेन’ ही ओळ वाचावी. अँटिबॉडी बनवताना प्राण्याला प्रथिनाचा कुठला तुकडा टोचला, ते तिथे लिहिलेले असते. काही कंपन्या ती माहिती गुप्त ठेवतात. अशा वेळी ईमेल करून विचारावे. तरीही सांगत नसतील तर दुसरीकडे वळलेले बरे. तुकडा कुठला आहे यावर भेसळीची शक्यताही ठरते. सॉरलाच्या पुढच्या टोकाचा व्हीपीएस-१० हा भाग सॉर्टिलिन, सॉरसीएस-१, सॉरसीएस-२ आणि सॉरसीएस-३ या चार भावंडांमध्येही असतो, आणि मधल्या भागातल्या ११ वळकट्या एलडीएल रिसेप्टरच्या कुळाशी मिळत्याजुळत्या आहेत. तिथली अँटिबॉडी वाईट असतेच असे नाही, फक्त तिची जास्त कसून चौकशी करावी लागते. सॉर्टिलिन जेलवर शंभर किलोडाल्टनच्या आसपास दिसते. सॉरलाच्या ब्लॉटवर तिथे बँड उमटला तर शंका घ्यावी.

या ११ वळकट्यांबद्दल थोडे थांबून बोलायला हवे, कारण नव्या माणसाचे आठवडे वाया जातात ते इथे. प्रत्येक वळकटीत सहा सिस्टीन असतात आणि त्यांच्या तीन जोड्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना घट्ट बांधलेल्या असतात. शिवाय प्रत्येक वळकटी आपला आकार टिकवायला कॅल्शियम धरून ठेवते. म्हणजे एवढ्याशा पट्ट्यात ३३ बंध. नमुना जेलवर घालण्याआधी डीटीटी किंवा बीटा-मरकॅप्टोइथॅनॉल घालून उकळला की हे सगळे बंध तुटतात आणि तो आकारच उरत नाही. जी अँटिबॉडी मूळ, घडी घातलेल्या सॉरलावर तयार झाली आहे तिला मग ओळखायला काही शिल्लकच नसते. ती पेशींच्या रंगणीत उत्तम चालेल, इम्युनोप्रेसिपिटेशनमध्ये चालेल, एलायझात चालेल, पण वेस्टर्नमध्ये पाटी कोरी. अँटिबॉडी खराब निघाली म्हणून ती फेकून देण्याआधी डीटीटी न घातलेला एक नमुना शेजारच्या लेनमध्ये चालवून पाहावा. बँड उमटला तर दोष अँटिबॉडीचा नव्हे. याच कारणाने ‘वेस्टर्नसाठी प्रमाणित’ आणि ‘इम्युनोफ्लुरोसन्ससाठी प्रमाणित’ ही दोन वेगवेगळी प्रमाणपत्रे समजावीत. एकात पास झालेली दुसऱ्यात पास होईलच असे कुणी गृहीत धरू नये.

वेस्टर्न लावायचाच तर २५० किलोडाल्टनच्या प्रथिनाला नेहमीची दहा-बारा टक्क्यांची जेल चालत नाही. त्यात ते वरच्या विहिरीच्या तोंडाशी अडकून बसते. सहा टक्क्यांची किंवा ट्रिस-ॲसिटेटची ग्रेडियंट जेल घ्यावी. मार्कर २५० किंवा त्याहून वरपर्यंत जाणारा असावा. ९५ अंशांवर उकळल्याने पडद्यातली प्रथिने कधीकधी गोळा होतात आणि जेलमध्ये शिरतच नाहीत, म्हणून ७० अंशांवर दहा मिनिटे पुरे. अर्ध्या तासाचा सेमी-ड्राय ट्रान्स्फर अशा प्रथिनाला अनेकदा अपुरा पडतो. कोल्ड रूममध्ये रात्रभर कमी प्रवाहावर ओला ट्रान्स्फर करावा, बफरमध्ये मिथेनॉल कमी ठेवावे आणि किंचित एसडीएस घालावे. ट्रान्स्फरनंतर जेल कूमासीने रंगवून वर काही उरले आहे का ते पाहावे. पॉन्सोचा फोटो काढून ठेवायला विसरू नये. रिव्ह्यूअर आज ना उद्या तो मागतोच.

जवळजवळ असे दोन बँड दिसले तर घाबरू नये. खालचा कच्च्या सॉरलाचा आणि वरचा पक्क्याचा असू शकतो, आणि त्यांचे प्रमाणच बातमी सांगून जाते: अल्झायमरच्या रुग्णांत सापडलेले सॉर्ल-१ मधले काही बदल असे आहेत, की त्यामुळे प्रथिन एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्येच अडकते आणि वरचा बँड फिका पडतो. साखर काढणारी विकरे, एंडो-एच आणि पीएनगेज-एफ, वापरून याची खात्री करता येते. एंडो-एचने खालचा बँड सरकतो, वरचा बहुतांशी जागेवर राहतो.

इतके करूनही एक प्रश्न उरतोच. हा बँड सॉरलाचाच कशावरून?

याचे आजचे सगळ्यात पक्के उत्तर म्हणजे ज्या पेशींतून सॉर्ल-१ जनुक क्रिस्परने काढून टाकले आहे त्या पेशी. मूळ पेशींचा आणि नॉकआऊट पेशींचा अर्क शेजारशेजारच्या लेनमध्ये घालायचा. बँड पहिल्यात असला आणि दुसऱ्यात नाहीसा झाला तर अँटिबॉडी पास. दोन्हीकडे तेवढाच राहिला तर तो सॉरला नाही, मग त्याचे वजन कितीही चोख २५० असो. त्यासाठी पेशीरेषा निवडताना सॉर्ल-१ चे आरएनए तिच्यात भरपूर आहे ना, हे ह्यूमन प्रोटीन ॲटलस किंवा डेपमॅपवर आधी पाहून घ्यावे. ज्या पेशींत प्रथिन मुळातच नाही त्यांचे नॉकआऊट काहीच सिद्ध करत नाही. नॉकआऊट हाताशी नसेल तर एसआय-आरएनएने पातळी कमी करून पाहावी. हा पुरावा दुय्यम आहे, कारण प्रथिन पूर्ण जात नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरा. आणखी एक सावधगिरी: एखादा एक्झॉन उडवलेल्या नॉकआऊटमध्ये कधीकधी तेवढा भाग गाळून छोटे प्रथिन बनतच राहते. शेपटाची अँटिबॉडी अशा वेळी बँड दाखवील, आणि दोष तिचा नसेल.

सॉरलाचे जनुक मुद्दाम घालून भरमसाट प्रथिन बनवणाऱ्या पेशींचा ब्लॉट अनेक डेटाशीटवर असतो. तो पाहून हुरळून जाऊ नये. समुद्रात मीठ आहे हे कुणालाही चाखून कळते. मेंदूच्या ऊतीत सॉरला नेहमीच्या, माफक प्रमाणात असते आणि तिथे दिसले तरच उपयोग. पेप्टाइड घालून बँड घालवून दाखवणे हीसुद्धा जुनी, लाडकी आणि अपुरी चाचणी आहे. ज्या पेप्टाइडवर अँटिबॉडी बनवली ते घातले की तिचे हात बांधले जातात, मग ती योग्य प्रथिनाला धरत असो वा भलत्याच. क्लिफर्ड सेपर आणि पॉल सॉचेंको यांनी ‘जर्नल ऑफ कम्पॅरेटिव्ह न्यूरॉलॉजी’त २००३ मध्येच याविषयी स्पष्ट शब्दांत लिहिले होते. तरीही ती चाचणी आजही प्रबंधांत ऐटीत मिरवते.

हे सगळे सोवळे पाळले नाही तर काय होते, याचे दाखले कमी नाहीत. इरिथ्रोपोएटिनच्या ग्राहीसाठी वापरल्या जाणाऱ्या एका अँटिबॉडीवर विसंबून कर्करोगाच्या गाठींमध्ये तो ग्राही असल्याचे अनेकांनी लिहिले होते. २००६ मध्ये दाखवले गेले, की ती एचएसपी-७० या अगदी वेगळ्या प्रथिनाला चिकटत होती. टोरँटोतल्या इलेफ्थेरिओस डायमँडिस यांच्या गटाची कथा अधिक बोलकी आहे. स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी सीयूझेडडी-१ हे नवे खूणप्रथिन सापडले असे समजून ते दोन वर्षे काम करत राहिले आणि सुमारे पाच लाख डॉलर खर्च झाले. अखेर कळले, की विकतचा एलायझा किट सीए-१२५ हे जुने, सर्वांना माहीत असलेले प्रथिन मोजत होता. त्यांनी हे झाकून न ठेवता स्वतःच छापले, म्हणून आपल्याला कळले.

मेंदूच्या छेदांवर रंगणी करणाऱ्यांसाठी एक खास सापळा आहे. वय झालेल्या माणसाच्या चेतापेशींमध्ये लिपोफ्युसिन साठते. ते कुठलीही अँटिबॉडी न लावताच सूक्ष्मदर्शकाखाली चमकते, हिरव्यात चमकते आणि लालमध्येही, आणि तेही केंद्रकाजवळ दाणेदार गुच्छांच्या रूपात. एंडोसोममधले सॉरला कसे दिसेल? केंद्रकाजवळ, दाणेदार. म्हणून अँटिबॉडी न लावलेला एक छेद आणि फक्त सेकंडरी लावलेला एक छेद, हे दोन्ही प्रत्येक वेळी ठेवावेत, आणि जुन्या ऊतीवर सुदान ब्लॅकचा हात फिरवावा. एकच ठिपका सगळ्या चॅनलमध्ये चमकत असेल तर ते लिपोफ्युसिन असण्याचीच शक्यता जास्त. उंदराच्या मेंदूवर उंदरात बनलेली अँटिबॉडी वापरली तर सेकंडरी ऊतीतल्या मूळ इम्युनोग्लोब्युलिनलाही धरते, तेव्हा ससा किंवा शेळी बरी. ईईए-१ किंवा व्हीपीएस-३५ सोबत दुहेरी रंगणी करायची असेल तर दोन्ही प्रायमरी वेगवेगळ्या प्राण्यांच्या हव्यात, हे मागणीपत्र भरतानाच लक्षात ठेवावे. पेशींवर काम करणाऱ्यांसाठी वायकॅरॉसची युक्ती उचलण्याजोगी आहे: मूळ पेशी एका रंगाने, नॉकआऊट पेशी दुसऱ्या रंगाने खुणावून एकाच काचेवर मिसळायच्या. एकाच फोटोत शेजारशेजारच्या पेशींची तुलना होते, एक्स्पोजर बदलून फसवायला जागाच राहत नाही.

पॉलिक्लोनल, मोनोक्लोनल की रिकॉम्बिनंट? वायकॅरॉसच्या तपासणीत रिकॉम्बिनंट अँटिबॉडी सरासरीने सरस ठरल्या. त्यांचा जनुकीय क्रम माहीत असतो आणि पुढच्या वर्षी तीच वस्तू मिळते. पॉलिक्लोनलचा ससा बदलला की अँटिबॉडी बदलते, लेबल तेच राहते. म्हणून लॉट नंबर वहीत लिहावा, आणि नवा लॉट आला की जुन्याबरोबर एकाच ब्लॉटवर पडताळून मगच जुनी कुपी संपवावी.

भारतात ही कुपी बहुधा परदेशातून येते. ऑर्डर देऊन आठवडे जातात, कधी पार्सल कस्टममध्ये पडून राहते. पुरवठादाराकडून घेताना बर्फाच्या पिशव्या अजून थंड आहेत का ते तिथेच पाहावे. वितळलेल्या असतील तर फोटो काढून त्याच दिवशी कळवावे. दहा-दहा मायक्रोलिटरच्या ॲलिकॉट करून ठेवाव्यात, आपोआप बर्फ वितळवणाऱ्या घरगुती फ्रीजमध्ये ठेवू नयेत. अँटिबॉडी पुन्हा वापरायची म्हणून बफरमध्ये सोडियम अझाइड घालण्याची पद्धत आहे. ते प्रायमरीपुरते ठीक, पण एचआरपी जोडलेल्या सेकंडरीत गेले तर विकरच बंद पडते आणि ब्लॉट कोरा येतो.

पेपर किंवा प्रबंध लिहिताना कंपनीचे नाव आणि ‘१:१०००’ एवढेच लिहून भागत नाही. कॅटलॉग नंबर, लॉट, मूळ संहती, आरआरआयडी आणि नॉकआऊटचा ब्लॉट, हे सगळे द्यावे. पूर्ण, न कापलेला ब्लॉट परिशिष्टात घालावा.

राहता राहिली नॉकआऊट पेशींची अडचण. प्रत्येक गटाने त्या स्वतः बनवणे परवडत नाही, हे खरेच आहे. पण पुण्यात पाषाणला आयसर आणि एनसीएल एकमेकांना लागून आहेत, विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस आहे आणि तिथून देशभरच्या प्रयोगशाळांना पेशीरेषा मिळतात. मुंबईत टीआयएफआर, नवी मुंबईत ॲक्ट्रेक. एका गटाने सॉर्ल-१ चे नॉकआऊट बनवले तर त्याच्या अर्काच्या काही कुपी कोरड्या बर्फावर दुसऱ्यांना पाठवायला फारसा खर्च येत नाही. ज्यांच्याकडे अशा पेशी आहेत त्यांनी तसे कळवावे, आणि ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी नवी अँटिबॉडी मागवण्याआधी निःसंकोच मागाव्यात.